बिनशेपटाची फळी

आम्रपाली : हे काय आहे, आबा?

जालिंदर : कुठं काय?

आम्रपाली : हे. फळी उलटी केली की पोटाला मागच्या बाजूला उभं आहे ते.

जालिंदर : फिन हाय ती.

आम्रपाली : फिन आहे ते दिसतंय मला. पण ती आली कुठून? मी बिनफिनची फळी सांगितली होती. चार वेळा सांगितली होती.

जालिंदर : सर्फिंगच्या फळीला फिन असतीच. मोबाइलवर बघितलं मी. शंभर फळ्या बघितल्या. आस्ट्रेलियाच्या, अमेरिकेच्या, मंगळूरच्या. समद्यांना हाय. एकेकीला तर तीन-तीन. एकट्या तुझ्या फळीला न्हाई. का, तर तुझा बा लावायला इसरला.

आम्रपाली : तुम्ही विसरला नव्हता हो.

जालिंदर : शिसवीची केलीया. हात फिरवून बघ. चार दिस घासली. माशाच्या पराला बी एवढी गुळगुळी नसंल.

आम्रपाली : सुंदर आहे. काढा ती.

जालिंदर : निघत न्हाई. खाच पाडून बसवलीया, वर इपॉक्सी. कालच कडक झाली.

आम्रपाली : आबा, परवा रविवारी स्पर्धा आहे! शेजारच्या कपिलदादाची पिकअप द्राक्षं घेऊन सहाला कोकणात निघतीय. आत्ता अडीच वाजलेत. ही फळी मी तशीच नेऊ?

जालिंदर : तशीच ने. पयल्यांदा सगळ्यांसारखी दिसंल.

अंजना : मी चहा ठेवलाय आन् तुमचा आवाज पार रस्त्यापतुर येतोय. समद्या कुपवाडला कळलं, जालिंदरच्या शेडमधी भांडान लागलंय म्हनून. काय झालं?

आम्रपाली : आई, आबांनी फळीला फिन लावली.

अंजना : आगं बाई, शेपूट आलं व्हय तिला? बघू. झ्याक दिसतंय की.

जालिंदर : बघ. तिला बी पटलं.

अंजना : मला पटलं न्हाई, मला दिसलं. थांबा, दोघंबी बसा. दीड वर्स झालं ह्या घरात फळ्या निघत्यात. माझ्या कानावर कायबाय तुकडं येत्यात. आज मला नीट सांगा, मूळ चूक कुनाची. आमू, आदी तू.

आम्रपाली : मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला मी आमच्या सर्फिंग स्कूलमधली फायबरची फळी घेऊन आले होते. टोक मोडलेली. आबांना म्हटलं, अशीच मला लाकडात करून द्या. रोज दुसऱ्यांना दुसऱ्यांच्या फळ्यांवर उभं करते, मला माझी स्वतःची पाहिजे.

जालिंदर : तिला फिन न्हवती, ते सांग.

आम्रपाली : फिन मी काढून ठेवली होती. एसटीच्या डिकीत फळी बसेना, कंडक्टर ओरडायला लागला.

जालिंदर : काढून ठेवली ती तिकडंच ठेवली. आन् मला म्हनली, फिन नंतर लावायची असती, वेगळी येती. म्या नंतरवर ठेवली.

अंजना : म्हंजे शेपूट इसरली तू.

आम्रपाली : शेपटापुरती चूक माझी. पण कडा? फायबरच्या फळीच्या कडा गोल होत्या, बाटलीच्या पोटासारख्या. आबांनी केल्या त्या वरून खाली पसरत गेलेल्या, आणि खालची कड अशी कोरलेली की कागद कापला जावा.

जालिंदर : गोल कड वाळूतनं निघंल का?

आम्रपाली : आबा, ती वाळूत घालायचीच नव्हती!

जालिंदर : ते डोक्याला ठावं हुतं. हाताला कुठं ठावं?

आम्रपाली : आमच्या सरांना हे समजावताना माझी दमछाक झाली, आई. म्हटलं, माझे वडील फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करतात. पॅटर्न वाळूत दाबतात, अलगद उचलतात, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. बाजूंना उतार दिला नाही तर उचलताना वाळू ढासळते. म्हणून माझे वडील जगातल्या प्रत्येक वस्तूला उतार देतात.

अंजना : खोटं न्हाई. माझ्या पोळपाटाला बी दिलाय. लाटनं रोज खाली गडगडतं.

जालिंदर : पोळपाट चौतीस वर्सं टिकलाय, ते न्हाई सांगत.

आम्रपाली : आणि फळी पाऊण इंच जास्त लांब.

अंजना : ते का?

जालिंदर : आकसाची पट्टी लागली हाताला. लोखंड निवलं की आकसतं, म्हनून आमच्या पट्टीवरचा इंच जरा मोठा असतोय.

अंजना : आन् फळी निवून आकसनार हुती व्हय?

जालिंदर : तू चहा आन.

अंजना : उकळतोय. मग फुडं? तू ती तशीच घेऊन समुद्रात गेलीस?

आम्रपाली : गेले. फिनची खाच नाही, कडा उलट्या, लांबी चुकलेली. सर म्हणाले, ही फळी नाही, हे फाटक आहे. म्हटलं, आबांनी केलंय, एकदा तरी उभी राहते. पहिल्या लाटेवर गरागरा फिरले. पुरात गुळाच्या काहिलीत बसून लोक नदी ओलांडायचे ना, ती काहील कशी फिरायची?

अंजना : माझं लगीन ठरवायला मामा तसाच आल्ता. घाटाला लागस्तवर त्याला कोन दिसंना, समदं आबाळच गरगर फिरायलं. आल्या आल्या व्हय म्हनाला.

जालिंदर : चक्कर उतरायच्या आत.

आम्रपाली : तशी फिरले. पडले. सहाव्या की सातव्या लाटेला माझं वजन चुकून एका कडेवर गेलं, आणि आई, फिरायचं थांबलं. त्या धारेनं पाणी धरलं. फळी आडवी झाली, तिरकी झाली आणि लाटेच्या अंगावरून लोण्यासारखी निघाली. फिन असलेली फळी रुळावरून जाते. पडायची भीती कमी, पण जायचं तिथंच जाते. ही तुम्हाला विचारत राहते, आता कुठं? आता कुठं? म्हटलं, हे काहीतरी वेगळंच आहे. आबांनी काय केलंय हे आबांनाच ठाऊक नाही.

जालिंदर : मला ठावं हाय. मी रिजेक्ट पीस केलाय.

अंजना : दुसरी फळी मला आठवती. ती देखनी हुती.

जालिंदर : दुसरीत म्या समदं दुरुस्त केलं. खरी पट्टी. कडा गोल. फिन तेवढी तू नगं म्हनलीस.

आम्रपाली : साबणाची वडी! पाय ठेवला की मी एकीकडे, फळी एकीकडे. मग मी फोन केला, आबा, चूक परत घाला.

जालिंदर : चौतीस वर्सात मला असला फोन कुनाचा आला न्हवता.

आम्रपाली : आणि यांनी रागारागानं दुप्पट घातली.

जालिंदर : रागानं न्हाई. माप सांगितलं न्हवतंस. चूक घाला म्हनलीस, किती ते कुठं म्हनलीस?

अंजना : तिसरी ती. हनवटीला तीन टाकं. ती मी इसरले न्हाई.

आम्रपाली : टाके बरे झाले, आई. बघ, दिसत पण नाहीत.

अंजना : मला दिसत्यात.

आम्रपाली : आणि त्यातनंच कळलं, धार सगळीकडे नको. पुढं बोथट, मागच्या अर्ध्यातच पाहिजे. म्हणून चौथी. ती तर आपण कृष्णेतच बघितली. नानासोंच्या शर्यतीच्या होडीला दोर बांधला, आठ जण वल्ही मारायला, आणि मागं मी.

जालिंदर : आख्खा घाट गोळा झाल्ता. एक म्हातारी मला इचारती, आवं, पोरीनं केलं तरी काय, तिला आसं वडत का न्यायलाय?

अंजना : मी म्हनलं तिला, नवस हाय.

जालिंदर : आन् नानासो वल्ही थांबवून म्हनतोय, जालिंदर, बैलानं नांगर वडावा तसं लागतंय रं!

आम्रपाली : पण होडीनं वेग घेतला तेव्हा चौथी मागनं सुटायला लागली. नुसती धार पुरेना. तेव्हा तू म्हणालीस...

अंजना : पन्हळ म्हनलं. काय अवघड हाय त्यात? पत्र्यावरचं पानी इकडंतिकडं पळतंय, पन्हळीत आलं की गुमान सरळ जातंय. कडंला लागून खालनं उथळ पन्हळ पाडा म्हनलं, पानी तिथं बसंल.

आम्रपाली : तेच ह्या पाचवीत आहे. हे बघ. दोन्ही कडांना दोन. मधलं अंग पांगिऱ्याचं, हलकं. कडा शिवणीच्या लाकडाच्या, दबत नाहीत. हात लाव, आई. तुझी पन्हळ आहे ही.

अंजना : आगं, किती झ्याक कोरलीया! मला कवा दावलं बी न्हाई.

जालिंदर : आज दावनार हुतो.

आम्रपाली : दीड वर्षात जे जमलं ते सगळं ह्या एका फळीत आलंय. आणि त्याच फळीला मागं हे उभं केलंय. आबा, हिला फिन लावली की ती पन्हळ कशाला, ती धार कशाला? मग पाच फळ्या केल्या कशाला?

जालिंदर : तू पडू नये म्हनून.

आम्रपाली : मी रोज पडते.

जालिंदर : रोज दुसऱ्याच्या फळीवरनं पडतीस. माझ्या फळीनं तुझी हनवटी फोडली. ती कड ह्या हातानं घासलीया. तुला पवायला शिकवलं तवा पाठीला पांगिऱ्याचा ओंडका बांधला हुता. हिरीत ढकललं आन् दोन तास वरनं बघत बसलो. म्या पान्याचा घोट बी घेतला न्हाई. आता त्याच पांगिऱ्याची फळी करतोय आन् तू तिकडं, मी हिकडं.

अंजना : आवं...

जालिंदर : थांब. आन् दुसरं सांगतो. फाउंड्रीच्या गेटवर च्या पीत हुतो. बाळासोनं मोबाइल काढला, म्हनला, तुमची आमू दिसतीया. धा मानसं गोळा. ती चौथी फळी फिरली, तू गेलीस पान्यात. धाच्या धा हसली. आप्पासो म्हनतोय, जालिंदर, पोरीला आंगुळ घालायला फळी केलीस का रं? चौतीस वर्सं पॅटर्न केलं. एक पीस माघारी आला न्हाई. साहेब लोक माझं काम तपासायचं बंद झालं हुतं. आन् ह्या वयात माझा चुकलेला पीस जगभर फिरतोय, तुझ्यासकट.

अंजना : म्हनून चार दिस जेवताना गप हुता व्हय?

आम्रपाली : आबा, तो व्हिडिओ किती बघितलात?

जालिंदर : पडलीस तिथवर.

आम्रपाली : म्हणजे अकरा सेकंद. पुढं तीन मिनिटं आहेत.

जालिंदर : फुडं काय बघायचं? पडली ती पडली.

आम्रपाली : हा घ्या. चष्मा लावा.

जालिंदर : मला नगं.

अंजना : लावा चष्मा. मला बी बघायचंय. सरका तिकडं.

आम्रपाली : हे पडले. इथं तुम्ही बंद केलंत. आता बघा.

अंजना : वर आली. केस बघ कसं झाल्यात. फळी कुठंय? हां, घावली.

आम्रपाली : ही पुढची लाट.

जालिंदर : आगं, उलटी निघाली की ही! पाठमोरी चाललीस तू.

आम्रपाली : मुद्दाम. आता वळते बघा.

जालिंदर : आँ? फिरली आन् परत सरळ? पडली न्हाई?

आम्रपाली : नाही.

अंजना : आन् हे हसतंय कोन एवढ्या मोठ्यानं?

आम्रपाली : मीच.

अंजना : समुद्राच्या आवाजावरनं ऐकू येतंय. ल्हानपनी हिरीत आसंच हसायची. म्होट्टी झाल्यावर म्या ऐकलंच न्हाई.

जालिंदर : जरा मागं घे.

आम्रपाली : कुठं?

जालिंदर : लाटंवरनं उतरतीस तिथं. थांबव. सावकाश व्हतं का ह्यात? कर. ...ही उजवी कड बघ. पानी धरतीया. धरतीया, धरतीया... सोडलं. आन् मागं बघ, रेघ बघ पान्यावर. कुठं फेस न्हाई, कुठं फाटलं न्हाई.

आम्रपाली : फिन असती तर मागं पाणी फाटत गेलं असतं.

जालिंदर : वाळूतनं पॅटर्न निघावा तशी निघाली. कड न मोडता. म्या उतार दिलाय म्हनून.

आम्रपाली : तेच तर सांगतीय मी दीड वर्ष.

जालिंदर : तू म्हनत हुतीस, चूक चांगली हाय. ही चूक न्हवं. हे माझं कामच हाय की. फकस्त वाळूच्या जागी पानी.

अंजना : आता काय करताय?

जालिंदर : किती वाजलं?

आम्रपाली : तीन वाजून गेले.

जालिंदर : ती बारीक पात्याची करवत काढ. तिथं न्हाई, वरच्या मांडणीवर. तळाशी बरोबर कापून काढतो. खाचंतला तुकडा तसाच ऱ्हाऊ दे, तो काढाया गेलं तर पांगिरा फाटंल. वरनं रंध्यानं सपाट करतो, जवसाचं तेल मारतो. पोटावर काळी रेघ दिसंल तेवढी.

आम्रपाली : दिसू दे.

जालिंदर : पर माझं एक ऐकायचं. फुडच्या टोकाची कड आजून मारनार. चिच्चुक्यासारखी गोल. हनवटी लागती तिथवर धार ऱ्हानार न्हाई. ह्यात मला तुझं सर बी सांगायचं न्हाईत.

आम्रपाली : मान्य.

जालिंदर : धर हिकडनं. हलवू नगंस. ...चार दिस घासली हुती ही.

अंजना : मला द्या ती. न्हानीत भिताडाला लावते, टावेल अडकवाया. कापा बिनघोर.

(रविवार, दुपारचे बारा. जालिंदरचा फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला.)

अंजना : हॅलो! आमू! कवाधरनं लावतोय. ह्यांनी सकाळधरनं एका लाकडाला सुदिक हात लावला न्हाई.

जालिंदर : लावला. हातच लावला, काम केलं न्हाई. पडलीस का?

आम्रपाली : पडले.

जालिंदर : हनवटी?

आम्रपाली : आहे जागेवर. तीन लाटा मिळाल्या. पहिलीला उभं राहताच पडले. दुसरीला दोन गिरक्या मारल्या आणि तिसऱ्या गिरकीला गेले. लोक हसले. मला तुमचे आप्पासो आठवले.

अंजना : आन् तिसरी?

आम्रपाली : तिसरी पूर्ण गेले, आई. वरच्या टोकापासनं पार वाळूपर्यंत. आडवी गेले, पाठमोरी गेले, शेवटी सरळ झाले. मागनं सुटतेय असं वाटलं की पन्हळीत पाणी बसायचं आणि पायाला कळायचं. कपिलदादा पाण्यात कमरेएवढा शिरला, त्याला पोहता येत नाही हे विसरून.

अंजना : नंबर?

आम्रपाली : नवांत सहावी.

जालिंदर : फिन असती तर?

आम्रपाली : खरं सांगू?

जालिंदर : मग काय, खोटं सांगनार हाईस व्हय?

आम्रपाली : फिन असती तर दुसरी आले असते बहुतेक.

जालिंदर : हं.

अंजना : आता गप बसू नगासा. चार दिस जेवताना गप बसायचं ह्या घरात बंद झालंय.

जालिंदर : गप न्हाई. इच्चार करतोय.

आम्रपाली : आबा, पुढं ऐका तर. जी दुसरी आली ना, त्या पोरीची फळी आत्ता वाळूत आडवी पडलीय. ती स्वतः माझ्या फळीवर आहे. अर्धा तास झाला, परत देईना. आत्ता माझ्यासमोर तिसऱ्यांदा पडली.

अंजना : आगं, मग?

आम्रपाली : मग काय, हसतीय. तिच्या मागं चौघं रांग लावून उभे आहेत, आमचे सर धरून.

अंजना : फाटक म्हननारं सर?

आम्रपाली : तेच. विचारत होते, तुझे वडील अशा अजून करून देतील का. अगदी हिच्यासारख्या.

जालिंदर : हिच्यासारखी जमत न्हाई म्हनावं.

आम्रपाली : का हो?

जालिंदर : ही तुझ्या मापाची हाय. तू डाव्या टाचंवर जोर देतीस, म्हनून डावी पन्हळ दीड सूत जास्त खोल घेतलीया. दुसरा तिच्यावर उभा ऱ्हायला की पडनारच.

आम्रपाली : हे तुम्हाला कुणी सांगितलं? मलाच माहीत नव्हतं.

जालिंदर : तुझ्या चपला बघितल्या दारातल्या. आता एक काम कर. एकेकाचं वजन इचार. उंची इचार. आन् कुठल्या पायावर उभा ऱ्हातोय ते इचारू नगंस, बघ. मानसाला सोताचं ते ठावं नसतंय.

आम्रपाली : कुणाकुणाचं बघू?

जालिंदर : समद्यांचं. आत्ता पान्यात हाय, तिच्यापासनं सुरू कर.